मिरजेहून आणलेली कडी

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी दर वर्षी विचारणा व्हायची, "काका, जुन्या आठवणी लिहा ना काहीतरी," आणि दर वर्षी मी दुसरंच काही लिहून द्यायचो. पहिला हिमवर्षाव, पहिली नोकरी, पूर्वी इथे मेथी कशी मिळायची नाही ते. लोकांना आवडायचं. हे मात्र राहून जायचं. राहून जायचं म्हणतो, पण मीच ते राहू देत होतो.

आता लिहितो, कारण हल्ली माझाच गोंधळ व्हायला लागला आहे. गेल्या आठवड्यात शेगडी चालू ठेवून फिरायला गेलो. ज्या प्रवासाबद्दल लिहायचं आहे, त्यातलं आधी काय झालं, नंतर काय, याचीही डोक्यात सरमिसळ होते. एक गोष्ट तेवढी अजून स्वच्छ आठवते. ती पुसट व्हायच्या आत कागदावर आलेली बरी.

ज्यांच्याबद्दल लिहायचं ते इथे मिनेसोटात, ईडन प्रेरीत, माझ्या घरापासून पाच मिनिटांवर राहत. नाव लिहीत नाही, जुन्या लोकांना कळेलच. त्यांची गोष्ट मंडळात अशी सांगतात : बायको गेल्यावर त्यांना आरव्हीचं, फिरत्या घराचं, खूळ लागलं, ऐन थंडीत कुत्र्याला घेऊन टेक्सासला गेले, तिथे दाराची कडी लावायला विसरले, कुत्रा हरवला, आणि मग त्यांच्या गाडीच्या किल्ल्या गेल्या, गाडी चालवणं सुटलं. सांगणारा शेवटी माझ्याकडे बघतो, कारण मी त्यांच्याबरोबर होतो. मी मान डोलावतो. त्या गोष्टीतलं एक वाक्य खोटं आहे, आणि ते माझं आहे.

ते मिरजेचे. तरुणपणी तिकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर होते. तिथला नियम असा, की ज्याने व्हॉल्व्ह फिरवला त्याने मोठ्याने सांगायचं, "बंद केला!" आणि दुसऱ्याने तितक्याच मोठ्याने म्हणायचं, "ऐकलं!" दुसऱ्याचं उत्तर आल्याशिवाय काम झालं असं धरायचं नाही. हा नियम ते अमेरिकेत घेऊन आले आणि जन्मभर पाळला. घरात "दिवा बंद!" अशी आरोळी आली की स्वयंपाकघरातून वहिनी पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "ऐकलं!" आम्ही वीस वर्षं एका गाडीतून ऑफिसला गेलो. बर्फात गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं. तेव्हाही तेच. "ब्रेक सोडला!" "ऐकलं!" मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, मी शेजारीच बसलोय, मला दिसतंय की." ते म्हणाले, "बॉयलरला मनातलं ऐकू येत नाही. माणसालाही नाही."

वहिनी गेल्या आणि "ऐकलं" म्हणणारं घरात कोणी राहिलं नाही. मग त्यांनी एक कुत्रा आणला. थोराड, काळा, एक कान कायम पडलेला, कुणीतरी सोडून दिलेला. त्याचं नाव ठेवलं भाऊसाहेब. शेजारच्या अमेरिकनांना ते जमेना, ते त्याला बॉब म्हणत. कुत्रा दोन्ही नावांना सारखीच शेपूट हलवी. "गॅस बंद!" असं यांनी म्हटलं की भाऊसाहेब जमिनीवर एकदा शेपटी आपटत. "चालतं," ते म्हणायचे. "उच्चार स्पष्ट नाहीत, पण पोच मिळते."

कुत्र्याशी ते अहोजाहो करत. "अहो भाऊसाहेब, जरा सरकता का?" मला मात्र चाळीस वर्षं "अरे". मी एकदा विचारलंच, "मला अरे आणि कुत्र्याला अहो, हे काय?"

"तो माझ्यावर अवलंबून आहे," ते म्हणाले. "अवलंबून असणाऱ्याशी जपून बोलावं. तुझं काय, तू स्वतंत्र आहेस."

त्यांनी आरव्ही घेतली तेव्हा सगळे हसले. चाकांवरचं जुनाट घर ते, आत ओटा, दोन पलंग, मोरीएवढी न्हाणी. दाराला बाहेरून पत्र्याचं दार आणि आतून जाळीचं. भाऊसाहेब नाकाने जाळीचं दार ढकलून उघडायला शिकले, म्हणून यांनी मिरजेहून एक पितळी कडी मागवली आणि जाळीच्या दाराला आतून, उंचावर, स्वतः बसवली. त्या दारात हात घालण्यापुरती एक सरकती फळी असते. बाहेर जाताना ते त्या फटीतून हात आत घालत, कडी सरकवत आणि ओरडत, "कडी लावली!"

एक-दोन हिवाळे ते भाऊसाहेबांना घेऊन एकटेच दक्षिणेला जाऊन आले. मग एका जानेवारीच्या सुरुवातीला त्यांनी मला विचारलं, "येतोस का टेक्सासला? तुझी थंडी पण जाईल." त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. ती कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते, अमेरिकेतच जन्मलेली, फार गुणी मुलगी.

"काका, बाबांनी तुम्हाला विचारलं ना? प्लीज जा. मला ऑनेस्टली सांगायला कोणीतरी हवंय. ही टॉक्स टू हिमसेल्फ ऑल डे, काका. फोनवर ऐकू येतं मला. दिवा बंद, गॅस बंद. कोणाला सांगतात? घरात कोणीच नाहीये."

"अगं, ती त्यांची जुनी सवय आहे," मी म्हटलं.

"आय नो. पण आईला सांगायचे ते. आता? तुम्ही फक्त बघा, ओके? काही विचित्र वाटलं तर मला मेसेज करा. तसं असेल तर मला त्यांच्या गाडीच्या किल्ल्या घ्याव्या लागतील, आणि मला चुकून घ्यायच्या नाहीयेत."

शेवटचं तिचं वाक्य मला पुढे फार छळत राहिलं. पण तेव्हा मी नुसतं "हो" म्हटलं. म्हणजे मी गेलो तो सोबती म्हणून गेलो की हेर म्हणून, ते मला निघतानाही नीट कळलं नव्हतं आणि आजही कळत नाही.

त्यांना यातलं काही माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. पहिल्याच दिवशी, आयोवातल्या पांढऱ्या शेतांमधून जाताना, समोर बघतच ते म्हणाले, "पोरीला वाटतं मी विसरायला लागलोय. तिला दोष नाही. मी एक ठरवलंय. ज्या दिवशी माझी कडी लावायची राहील, त्या दिवशी गाडीची किल्ली सोडायची. कोणी सांगायची वाट बघायची नाही."

"कडीवरून कसं ठरवणार?" मी म्हटलं.

"कुठल्यातरी गोष्टीवरून ठरवावंच लागतं ना."

वाटेत मला एकेक विचित्र गोष्ट दिसायला लागली. पहिले दोन दिवस ते नळाला हात लावत नव्हते. समोर चकचकीत नळ, आणि हा माणूस बादलीतून तांब्याने पाणी घेतोय. मी नळ सोडायला गेलो तर केवढ्याने ओरडले! मी मुलीला कळवलं, नळ असून वापरत नाहीत. तिसऱ्या दिवशी ओक्लाहोमा ओलांडल्यावर त्यांनी पाइप गोठू नयेत म्हणून आत भरलेलं गुलाबी अँटिफ्रीझ धुऊन काढलं, टाकीत पाणी भरलं आणि म्हणाले, "आता सोड नळ. उत्तरेत सोडला असतास तर पाइप फुटले असते." मिनेसोटात आयुष्य काढलेल्या मला हे सुचायला हवं होतं. पहिला मेसेज जाऊन दोन दिवस झाले होते. दुरुस्तीचा मेसेज मी पाठवला नाही. म्हटलं, एकदम शेवटी सगळं सांगू.

संक्रांत आम्ही टेक्सासच्या समुद्रकाठी केली. आम्ही गाडी लावली त्या कँपग्राउंडवर सगळे उत्तरेकडून पळून आलेले म्हातारे. हे प्रत्येक गाडीपाशी जाऊन दार ठोठावत, हातावर तिळाची वडी ठेवत आणि मराठीतच सांगत, "तिळगूळ घ्या, गोड बोला." पाठीमागे भाऊसाहेब, गळ्यात हलव्याची माळ. विस्कॉन्सिनच्या एका आजीबाईने विचारलं, याचा अर्थ काय? यांनी सांगितलं, "वर्षभर माझ्याशी भांडायचं नाही, असा करार आहे. तुम्ही खाल्लंत, म्हणजे सही झाली." त्या हसून हसून खुर्चीत बसल्या. मला मात्र लाज वाटली. कसली, ते सांगता येत नाही. परक्यांच्या दारात एक म्हातारा आपली भाषा बोलतोय आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाहीये, याची असावी. मी त्याबद्दलही मुलीला लिहिलं : अनोळखी लोकांशी मराठीत बोलतात. नुसतं वाक्य वाचलं तर किती वाईट दिसतं ते!

दुसऱ्या दिवशी दुपारचं. ते टॉवेल खांद्यावर टाकून कँपच्या न्हाणीघराकडे निघाले. भाऊसाहेब पलंगाखाली घोरत होते. मी ओट्यापाशी होतो. ते पायऱ्या उतरले, फटीतून हात आत आला, पितळेचा खट्‌ आवाज झाला.

"कडी लावली!"

"ऐकलं," मी म्हटलं.

हे मी म्हटलं. फोनमधून मान वर न करता म्हटलं, पण म्हटलं. याबद्दल माझ्या मनात काडीचाही गोंधळ नाही.

मग मला पोह्यांची हुक्की आली. त्यांचा सक्त नियम होता, फोडणी आत करायची नाही, बाहेरच्या शेगडीवर करायची. पण बाहेर वारा होता आणि मला कंटाळा आला. तेल तापलं, मोहरी तडतडली, मिरच्या टाकल्या, आणि छतावरचा धुराचा अलार्म असा बोंबलायला लागला की मला काही सुचेना. मी कडी काढली, दार सताड उघडलं, पंच्याने धूर बाहेर हाकलत राहिलो. अलार्म थांबला. मी जाळीचं दार ओढून घेतलं.

कडी लावली नाही. "उघडली" असंही म्हटलं नाही, "लावली" असंही नाही. म्हणणार कोणाला? मग मटार घालावेत म्हणून मी फ्रीझर उघडला, तर आत मटार नव्हतेच. डबे होते, आणि डब्यांत बर्फ. खाण्याचा बर्फ नव्हे. अंगणातला, मिनेसोटातला, फावड्याने भरून आणलेला पांढरा बर्फ, वर चिकटपट्टीवर लिहिलेलं, "घरचा". मी चक्रावलो. हे मात्र नक्कीच वेड, असं मला वाटलं. पोहे तसेच ठेवून मी पलंगावर बसलो आणि मुलीला लांबलचक मेसेज लिहायला लागलो. तुझे बाबा बर्फ घेऊन टेक्सासला आले आहेत. मला वाटतं तू लवकर काही निर्णय घ्यावास.

मी हे लिहीत असताना कुत्रा माझ्या पायावरून गेला. खरंच पायावरून गेला. मला त्याचं ओझं जाणवलं. मी स्पेलिंग शोधत होतो.

ते परत आले तेव्हा मेसेज गेला होता आणि जाळीचं दार वाऱ्याने हलत होतं.

"भाऊसाहेब?" त्यांनी पलंगाखाली वाकून पाहिलं. मग कडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"मी लावली होती ना रे? मी म्हटलं होतं ना?"

मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"तू ऐकलंस ना?"

आणि मी म्हणालो, "आठवत नाही बुवा. माझं लक्ष नव्हतं."

एवढंच. का म्हणालो ते मी इतकी वर्षं शोधतोय. रागावतील म्हणून? ते रागवत नसत. फोडणीचा नियम मोडला म्हणून? सत्तरीच्या माणसाने पोह्यांसाठी खोटं बोलावं? की नुकताच पाठवलेला मेसेज खरा ठरावा असं मला कुठेतरी वाटत होतं? यातलं मला काहीच पटत नाही आणि काहीच खोडता येत नाही.

त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही, दुःखही आलं नाही. रोजच्या जिन्यात एक पायरी कमी लागावी आणि पाय हवेत जावा, तसा चेहरा झाला. ते म्हणाले, "अच्छा." मग पायांत चपला सरकवून हाका मारत निघाले, "अहो भाऊसाहेब! अहो!"

सगळा कँप शोधायला बाहेर पडला. विस्कॉन्सिनच्या आजीबाई त्यांच्या गोल्फ कार्टमधून "बॉब, बॉब" करत फिरत होत्या. मी वाळूतून धावत होतो. एवढा धावलो, की लोक मलाच पाणी देत होते, "यू आर अ गुड फ्रेंड" म्हणत होते.

कुत्रा दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला, दोन मैलांवरच्या दुसऱ्या कँपमध्ये. आमच्यासारख्याच एका पांढऱ्या जुनाट आरव्हीच्या पायरीपाशी बसला होता, कोणीतरी दार उघडेल म्हणून. हे त्याच्यासमोर उकिडवे बसले, पडलेला कान वर उचलला आणि म्हणाले, "अहो, घर चुकलात?" कुत्र्याने शेपटी आपटली. मग हे अगदी हळू म्हणाले, "तुमची नाही चूक. माझी आहे."

मी चार पावलांवर उभा होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्या आजीबाईंनी मला मिठी मारली आणि रडायला लागल्या.

गाडीत परत आल्यावर त्यांनी फ्रीझरमधला एक डबा काढला आणि तो बर्फ भाऊसाहेबांच्या वाडग्यात उपडा केला. कुत्र्याने त्यात तोंड खुपसलं, मग एक पंजा, मग दुसरा. "थंडीतला प्राणी आहे," ते म्हणाले. "इथे त्याचे पाय भाजतात. पहिल्या वर्षी फार हाल झाले, तेव्हापासून घरचा बर्फ आणतो." माझा मेसेज फ्रीमाँटला केव्हाच वाचून झाला होता.

दुपारी त्यांनी स्वतःच मुलीला फोन लावला, स्पीकरवर. "बेटा, कडी लावायला विसरलो मी. भाऊसाहेब सापडले, ठीक आहेत. पण मी ठरवलं होतं, तेव्हा किल्ली ठेवतो."

"बाबा, इट्स ओके, इट हॅपन्स," ती म्हणाली. "आर यू शुअर तुम्ही विसरलात? काका होते ना तिथे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आशेने पाहिलं, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं होतं की नुसतंच पाहिलं.

"तो म्हणतो, त्याने ऐकलं नाही," त्यांनीच उत्तर दिलं. मग किल्ली माझ्या हातात दिली.

परतीला गाडी मी चालवली. मला असल्या धुडाची सवय नव्हती, सतराशे वेळा चुकलो. त्यांनी शेजारून एकदाही चूक दाखवली नाही. प्रत्येक थांब्यावर उतरताना मात्र फटीतून हात घालून कडी लावत, "लावली" असं पुटपुटत, मी "ऐकलं" म्हणत असे, आणि ते पुन्हा हात घालून चाचपून बघत. चाळीस वर्षांत मी त्यांना असं चाचपताना पाहिलं नव्हतं.

वसंतात गाडी गेली, मग घर गेलं. ते भाऊसाहेबांना घेऊन मुलीकडे फ्रीमाँटला राहायला गेले. एका चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय तिथे त्यांनी काही केलं नाही असं तिने मला सांगितलं. गोळी घेतली, चिठ्ठी. दार लावलं, चिठ्ठी. आरोळ्या बंद झाल्या. तिला ते बरं लक्षण वाटलं.

माझा मुलगा तिथून जवळच क्युपर्टिनोला असतो, त्याच्याकडे गेलो तेव्हा मी मुद्दाम त्यांना भेटायला गेलो. या वेळी सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. गाडीत वाक्यंसुद्धा जुळवली होती. भाऊसाहेब म्हातारे होऊन दाराशी झोपले होते, मला हुंगून त्यांनी शेपटी आपटली. चहा झाला. मुलगी फोनवर बोलत वर गेली. आम्ही दोघंच उरलो. मी म्हटलं, "मला जरा त्या टेक्सासबद्दल बोलायचं होतं."

ते लगेच पुढे सरकले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मलाही. बरं झालं तूच विषय काढलास. त्या दिवशी तुझी फार धावपळ झाली रे माझ्यामुळे. वाळूत किती पळालास. छातीवर ताण आला असता म्हणजे? मी तेव्हा काही बोललो नाही, मला फार लाज वाटत होती. माफ कर मला."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "छे छे, असू दे हो. होतं असं कधीकधी."

आणि त्यांना बरं वाटलं. ते मी पाहिलं. त्यांनी मला माफ करायला लावलं होतं आणि मी उदारपणे केलं होतं. यानंतर खरं कसं सांगायचं ते मला कळेना. विमानात कळेना, घरी आल्यावर कळेना. फोन उचलायचो आणि ठेवायचो. पुढच्या थंडीत मुलीचा मेसेज आला, की बाबा सकाळी झोपेतच गेले. भाऊसाहेब त्यांच्या महिनाभर आधीच गेले होते.

तिला मराठी वाचता येत नाही. म्हणजे हे लिहिणंसुद्धा माझी सोयच आहे, हे मला कळतं. हा अंक निघाला की मी तिला फोन करणार आहे आणि तिच्या भाषेत सगळं सांगणार आहे. तिला चुकून किल्ल्या घ्यायच्या नव्हत्या. पण त्यांना सांगायचं होतं ते फक्त मराठीत सांगता येतं, आणि मोठ्यानेच सांगायला हवं. काल रिकाम्या घरात एकदा म्हणूनही पाहिलं. अर्थात पलीकडून पोच आली नाही.

अहो, कडी तुम्ही लावली होती. काढली मी. तुम्ही सांगितलं होतंत, आणि मी ऐकलं होतं.